मास्तरांचं हिरवं

वर्षश्राद्धाला दोन दिवस होते तेव्हा मी मालगुंडचं घर उघडलं. खाऱ्या हवेनं कुलूप धरलं होतं. दोन थेंब खोबरेल सोडून थोडी थांबले, तेव्हा कुठे किल्ली फिरली. आत सगळं मी ठेवून गेले होते तसंच होतं. नानांची काठी खुंटीला, चष्मा पंचांगावर, आणि माजघराच्या खिडकीत, जिथे बरणी असायची तिथे, फळीवर वाळलेल्या मिठाचं एक पांढरं कडं. मी ओल्या फडक्यानं ते पुसलं.

नाना म्हणजे माझे वडील. रत्नागिरीच्या एका कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण जीव लावला तो समुद्रातल्या शेवाळांना. ओहोटीला खडपावर, म्हणजे उघड्या पडलेल्या कातळावर, जायचं, कुठल्या खडकावर काय उगवलंय ते वहीत लिहायचं, एखादा तुकडा घरी आणून थाळीतल्या पाण्यात पसरायचा, खालून जाड कागद सरकवून अलगद उचलायचा आणि टीपकागदात दाबून वाळवायचा. असे साडेचारशे कागद आमच्या माळ्यावर आहेत. "लोकांकडे सुकट वाळते, आमच्याकडे समुद्राचं गवत," असं आई म्हणायची. ती शहाण्णव साली गेली. मी लग्न होऊन खेडला, तिथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. त्यामुळे शेवटची पाच वर्षं नाना मालगुंडला एकटे होते. निदान मला तसं वाटायचं. गावात त्यांना सगळे मास्तर म्हणत. प्रोफेसर म्हणून कोणी हाक मारली असती तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नसतं.

संध्याकाळी चिमाकाकी आली, नेहमीसारखी मागच्या दारानं. ती खारवीवाड्यातली. खडकाला चिकटलेली कालवं लोखंडी कांबीनं फोडायची, आतलं मांस काढायचं आणि वाटीच्या मापानं विकायचं, हा तिचा धंदा. तिच्या आईनंही त्याच खडपांवर तेच केलं. साठीच्या पुढे गेलेली, पण खडकावर चालताना पाय कुठे ठेवायचा ते बघावं लागत नाही तिला.

"आलीस गो बाय."

"दुपारी आले. बस ना काकी, चहा टाकते."

"च्या नको. आदी हे बघ."

तिच्या हातात करवंटी होती. करवंटीत समुद्राचं पाणी, आणि पाण्यात एक हिरवा दोरा, त्या दोऱ्यावर ओळीनं उभी राहिलेली हिरवी पिसं. रानातल्या नेच्याची पानं असतात तशी, पण जास्त नीटनेटकी, जास्त हिरवी.

"मास्तरांचं हिरवं," चिमा म्हणाली. "परत आलं."

"परातीत? त्याच डबक्यात?"

"परात साफ हाय. काल गुडगाभर पाण्यात उतरून बघितली मी. हे तिकडं आलंय, पावसाआदीपासनं दिसतंय, तुमी मास्तरांच्या अस्थी सोडल्यात ना, त्या पायरीखाली."

मी करवंटी हातात घेतली होती ती खाली ठेवली. पाणी थोडं सांडलं. चिमानं लगेच फडक्यानं ते टिपलं, फडकं पिळलं नाही, तसंच चुलीत टाकलं. नानांनीच शिकवलेलं असणार.

ते हिरवं काय होतं हे मला तेव्हा अर्धंमुर्धंच ठाऊक होतं. बरंचसं चिमानं सांगितलं, बाकीचं पुढे कागदांत मिळालं. नव्व्याण्णव सालच्या मे महिन्यात तिनंच ते पहिल्यांदा पाहिलं. खडपात एक उथळ डबकं आहे, परातीसारखं गोल. वाड्यातल्या बाया त्याला परातच म्हणतात. तिथे कालवं मोठी मिळायची. त्या उन्हाळ्यात परातीच्या तळाला गालिचा अंथरल्यासारखं हे उगवलं आणि बायांनी आपल्या अकलेनं पहिल्याच आठवड्यात ते उपटून भरतीच्या पाण्यात फेकून दिलं. शेतातलं तण उपटून बांधावर टाकतात तसं. जूनच्या आत तीन डबकी हिरवी झाली. मग चिमा एक मूठ घेऊन मास्तरांकडे आली.

नानांनी ते थाळीत पसरलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग माळ्यावरून जुना कागद काढला. आपल्या किनाऱ्यावर याच्या गोतातली शेवाळं पूर्वीपासून आहेत, बोटभर उंचीची, आपल्या मर्यादेत राहणारी. हे मात्र वीतभर होतं. मत्स्यालयांच्या काचेच्या टाक्यांत शोभेसाठी वाढवतात ती जात. एवढी मोठी वेल, तिची मुळं, दांडा, पिसं, सगळी मिळून एकच पेशी असते. तोडली की जखम मिनिटांत मिटते आणि दोन वेली होतात. नखाएवढा तुकडा पुरतो. युरोपात ती पहिल्यांदा दिसली तेव्हा एका चटईत मावली असती. पंधरा वर्षांत हजारो एकर समुद्रतळ तिनं झाकला. नाना हे मासिकात वाचून होते. आपल्या दारात ती येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

कुठून आली तेही त्यांनी शोधलं. मैलभरावर एक लॉज होतं, तिथे पर्यटकांसाठी खाऱ्या पाण्याची माशांची टाकी ठेवली होती. मासे मेले, टाकी रिकामी केली. मॅनेजर भला माणूस होता. नानांना त्यानं चहा दिला आणि म्हणाला, "गटारात कशाला ओतायचं सर? समुद्रातलं होतं, समुद्राला दिलं."

हे वाक्य नानांच्या एका पत्रात होतं. ते मी वाचलं होतं. लक्षात राहण्याजोगं म्हणून ते लक्षात राहिलं होतं.

नाना गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी, कार्तिक वद्य षष्ठीला, आम्ही अस्थी घेऊन खडपाच्या उत्तर टोकाला गेलो. तिथे कातळात पायरीसारखी एक कड आहे, आत पाणी शांत असतं. माझा चुलतभाऊ यज्ञेश यानं विधी केले. भरती पहाटेच फिरली होती, सातला पाणी उतरत होतं. उतरत्या पाण्यात सोडावं, म्हणजे ते घेऊन जातं, असं होडीवाल्या भागोजीनं सांगितलं. मी बरोबर बरणी नेली होती. लोणच्याची जुनी काचेची बरणी, त्यात पाणी आणि हिरवी पिसं. वर चिकटवलेल्या कागदावर नानांच्या अक्षरात फक्त तारीख. घर बंद होणार होतं. पाणी बदलायला कोणी नव्हतं. जिवंत होतं, त्यांनी रोज पाहिलेलं होतं, ते मोरीत कसं ओतायचं?

"ताई, ही कशाला?" यज्ञेशनं विचारलं.

"नानांची आहे."

"मग माळ्यावरचे कागदही आणू का?" तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्यालाच ओशाळं वाटलं.

अस्थी गेल्या, राख पाण्यावर थोडी फिरली. मग मी वाकून बरणी उपडी केली. घरी आल्यावर यज्ञेशच्या आईनं विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं ते मला शब्दाशब्दानं आठवतं. समुद्रातलं होतं, समुद्राला दिलं.

तर चिमा करवंटी घेऊन आली त्या संध्याकाळी माझ्यापुरता उलगडा झाला होता. तरी बरणीत कदाचित दुसरं काही असेल, आपलं गावचं, निरुपद्रवी, असं मी स्वतःला सांगितलं. चिमा उठताना म्हणाली, "उद्या तृतीया. सकाळी ये. डोळ्यानं बघ."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तिनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला भरती म्हणजे साडेआठच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. हे मला नानांनी आठव्या वर्षी शिकवलं होतं, पाढ्यांच्या आधी. सकाळी आम्ही दोघी खडपावर गेलो. आधी परात. पाणी नितळ होतं, तळाला शिंपल्यांचे पांढरे तुकडे, एक शंखातला खेकडा चालत होता, कडेला नवी कालवं धरली होती, अंगठ्याच्या नखाएवढी.

"दोन वर्सं," चिमा म्हणाली. "मी आनि मास्तर. पानी उपसायचं, खडं मीठ टाकायचं, वर गोनपाट, वर चिऱ्याचं तुकडं. एवड्याशा जागंला एक पोतं." तिनं हात पसरून दीड हात लांबी-रुंदी दाखवली. "लोकं हसायची. बोलायची, समुद्र आळणी झाला काय मास्तर, मीठ घालताय ते?"

"नाना काय म्हणायचे?"

"बोलायचे, चव बघतोय."

मग पायरी. ओहोटीनं कड उघडी पडली होती आणि तिच्या खाली, गुडघाभर पाण्यात, दोन सतरंज्यांएवढं ते पसरलं होतं. सुंदर होतं. लाटेबरोबर सगळी पिसं एका बाजूला कलत आणि परत उभी राहत. चिमानं कांबीच्या टोकानं न तोडता ती जरा बाजूला केली. खाली कालवं होती, पण उघडी, आत चिखल. ती गुदमरून मेलेली. खडकावरच्या टोपीसारख्या शिंपल्या नव्हत्या, खेकड्यांची बिळं बुजलेली. वाळूत पाय टाकला की नेहमी काहीतरी पळतं. तिथे काही पळालं नाही. एवढं हिरवं, आणि चरायला कोणी नाही.

"मासा येतो," चिमा म्हणाली. "तोंड लावतो आनि थुकून जातो. कडू असतं. मी चाखलंय."

ती पायरीवर बसली. कांब मांडीवर आडवी.

"ह्ये माज्यामुळं झालंय बाय. तुला सांगून ठेवतंय."

"तुझ्यामुळे कसं?"

"आकरीला तिसऱ्या डबक्यात एक पोतं मी नीट दाबलं नाय. पाऊस आलेला, दमले व्हते. मास्तर बोलले, चिमा, कड उघडी ऱ्हायली काय बघ. मी न बघता बोलले, नाय ऱ्हायली. त्यातनंच सुटून हिकडं आलं असनार. मास्तर गेले ते साफ झालं समजून गेले. वाड्यात बोलतात, म्हाताऱ्यानं दोन वर्सं मीठ फुकट घातलं."

मी तिच्या शेजारी उभी होते. बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "पाणी चढायला लागलं." ते खरंच चढायला लागलं होतं.

दुपारी मी नानांची पत्रं काढली. ती मी खेडहून बरोबर आणली होती, वर्षश्राद्धाच्या निमित्तानं वाचीन म्हणून. महिन्याला दोन आंतर्देशीय पत्रं, सुवाच्य अक्षर, समासापर्यंत भरलेली. मी आयुष्यभर पुस्तकांत आहे. ग्रंथालयात येणारं प्रत्येक पुस्तक निदान चाळून मगच कपाटात लावते, हा माझा लौकिक आहे. आणि नानांचं पत्र आलं की मी काय करायची, तर तब्येतीची ओळ शोधायची. खोकला बरा आहे. रक्तदाब ठीक. ती सापडली की पत्र मिटायचं, बाकीचं रविवारी वाचू म्हणून. बाकीचं म्हणजे परात, मीठ, पिसांची संख्या. लॉजवाल्याचं वाक्य वाचलं गेलं ते पहिल्या पानावर होतं म्हणून.

दोन हजार एकच्या सप्टेंबरातल्या पत्रात, खोकल्याच्या ओळीनंतर, हे होतं:

"तिन्ही डबकी आता स्वच्छ आहेत. एक तुकडा मात्र मुद्दाम बरणीत ठेवला आहे. दर आठवड्याला पाणी बदलतो व पिसे मोजतो. तीन महिन्यांत सहाची एकोणचाळीस झाली. जुने पाणीही उकळूनच टाकतो. ती कशी वाढते हे कळले तर पुन्हा कुठे दिसल्यास उपयोग होईल. मला काही झाले तर बरणी तशीच चुलीवर ठेवून उकळावी व गार झाल्यावर माडाच्या आळ्यात ओतावी. समुद्राकडे नेऊ नये. चिमाला वाचता येत नाही, यज्ञेश विसरेल. तू वाचणारी आहेस म्हणून तुला लिहून ठेवतो."

पत्राची ती घडी अजून करकरीत होती. उघडलीच नव्हती मी.

मला तेव्हा रडू आलं नाही. मी पत्रं तारखेनं लावली, एकूण एकशे अकरा होती, आणि पहिल्यापासून वाचायला बसले. वाचता वाचता दिवे लागले.

चतुर्थीला श्राद्ध झालं. यज्ञेश सकाळच्या गाडीनं आला, विधी केले, गुरुजींबरोबर जेवला आणि अडीचची एसटी धरून गेला. चिमा मागच्या पडवीत पान घेऊन बसली होती. मी खीर वाढली.

"वडं बरं झालंत," ती म्हणाली. "तुज्या आयसारकं नाय, पन बरं."

"काकी, बरणी आठवते तुला? खिडकीतली?"

"आटवते तर. मास्तर तिच्याशी बोलायचे. मला वाटलं तू खेडला नेलीस."

"मी ती पायरीवर ओतली. अस्थींबरोबर."

तिचा हात पानावर थांबला. मी थांबले नाही. थांबले असते तर पुढचं राहून गेलं असतं. पत्रात त्यांनी काय करायचं ते लिहिलं होतं, ते मी वाचलं नव्हतं, हे सांगितलं. तुझ्या पोत्याचा काही संबंध नाही, हेही सांगितलं.

चिमानं खिरीची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "मंजे माजं पोतं बराबर व्हतं."

"हो."

"कड दाबलेली व्हती."

"असणार. परात साफच आहे ना."

"सा महिनं झोप नाय मला त्या पोत्यापायी." तिनं पाण्याचा तांब्या उचलला, हात धुतला. खीर तशीच राहिली. "एवडी बुकं वाचतंस गो. बापाचा कागद वाचायला काय झालं व्हतं?"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. पान उचललं, माडाच्या बुंध्याशी टाकलं आणि फाटकातून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी माळ्यावरून नानांची वही काढली. कापडी बांधणीची, जाडजूड. प्रत्येक नोंदीला रकाने आखलेले: तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, जागा, व्याप, मूळ. परातीच्या नोंदीत 'मूळ' या रकान्यात लिहिलं होतं, "लॉजची टाकी." त्याखाली 'टाकणाऱ्याचे नाव' असा रकाना होता आणि तो रिकामा होता. समासात बारीक अक्षरात: "नाव लिहीत नाही. त्याला माहीत नव्हते."

आणखी एक यादी होती, ती मला माहीत नव्हती. मिठानं हिरव्याबरोबर बाकीचंही मरतं. गोणपाट उचलल्यावर खाली जे मेलेलं सापडलं ते नानांनी दर वेळी लिहून ठेवलं होतं. कालवं चौदा. खेकडे दोन, एक अंड्यांसह. समुद्री काकडी एक. दोन वर्षांच्या त्या याद्या चार पानं होत्या. कुठेही शेरा नाही.

सहाव्या दिवशी चिमा पुढच्या दारानं आली. असं ती कधी येत नाही. पायरीवरच उभी राहिली.

"मीठ कुठनं आनायचे मास्तर, ठाव हाय तुला?"

"पत्रात आहे."

"मग वाच." ती जायला वळली, परत फिरली. "वाड्यात मी सांगनार नाय तू टाकलंस म्हनून. ते तू सांग. बायांनी तिथं पाय घालू नये, भागोजीनं होडी लावू नये. कारन सांगितल्याबिगर कोन ऐकनार नाय."

मी त्याच संध्याकाळी खारवीवाड्यात गेले. कालवं काढणाऱ्या सात-आठ बाया सावित्रीच्या ओट्यावर जमल्या होत्या. ग्रंथालयाच्या सभेत मी कधी अडखळत नाही. तिथे अडखळले. बरणी, पायरी, पत्र, सगळं सांगितलं. मग म्हणाले की नानांचं काम फुकट गेलं नव्हतं, ते माझ्या हातून बिघडलं.

कडेला बसलेला भागोजी बिडी विझवून निघून गेला. मग सावित्री म्हणाली, "आमी पन पयल्या आटवड्यात उपटून फेकलंच की. मास्तर तवा काय बोलले आठवतं काय गो चिमे?"

"बोलले, आता फेकू नका."

"तेवडंच?"

"तेवडंच."

"मग हिला पन तेवडंच," सावित्री म्हणाली आणि माशांची पाटी आवरायला लागली. एक म्हातारी मात्र मान फिरवून बसली होती ती शेवटपर्यंत तशीच बसली. पायरीखालची कालवं तिच्या वाट्याची होती, हे मला नंतर कळलं.

अमावास्येला मी पुन्हा रजा घेऊन आले. डिसेंबरची सुरुवात होती. सकाळी सव्वासहाला समुद्र पार मागे हटला, पायरीखाली पाणी पोटरीइतकं उरलं. चिमा, सावित्री, मी आणि भागोजी. भागोजी आपणहून आला होता आणि चिरे वाहत होता. मीठ बैलगाडीनं आदल्या दिवशी आलं होतं. खडं मीठ, करडं, ओलसर. आधी कडेनं चिखलाचा बांध घातला, मग आतलं पाणी डब्यांनी उपसून गोणपाटातून गाळून बाहेर टाकलं, एकही पीस निसटू नये म्हणून. मग मीठ. नानांच्या वहीत होतं तसं, मधून कडेकडे न जाता कडेपासून मध्याकडे. वर गोणपाटं, एकावर एक चार बोटं चढवून, आणि वर चिरे.

पिसांवर मीठ पडलं की ती लगेच काही होत नाहीत. थोडा वेळ तशीच उभी राहतात. मग रंग उतरायला लागतो, हिरव्याचं पिवळट, आणि मऊ होऊन एकमेकांवर पडतात. मी गुडघ्यावर बसून ओंजळीनं मीठ पसरत होते. वर्षापूर्वी याच जागी मी वाकले होते. तळहाताला खडे टोचत होते, बोटांच्या चिरांत आग होत होती. चिमानं एकदा माझ्या हाताकडे बघितलं आणि आपल्या कमरेचं फडकं सोडून माझ्याकडे टाकलं.

"कड बघ," ती म्हणाली.

मी बघितली. एका ठिकाणी दोन गोणपाटांमध्ये बोटभर फट होती. ती मी बुजवली आणि मग उरलेल्या तिन्ही बाजू परत एकदा फिरून बघितल्या.

तीन दिवस, तीन ओहोट्या लागल्या. चौथ्या दिवशी मी घरी वही उघडली. तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, जागा, व्याप. 'मूळ' मध्ये लिहिलं, "बरणी." मग खालचा रकाना आला. नानांनी एकदा रिकामा सोडला होता तो. माझ्या बाबतीत ते समासात काय लिहितील याचा मी विचार केला. त्याला माहीत नव्हते, असं ते लिहू शकले नसते. त्यांनी मला कळवलं होतं. पूर्ण नाव लिहायचं तर माहेरचं लिहायचं की सासरचं, असाही प्रश्न होता. माहेरचं लिहिलं तर मधे त्यांचं नाव येणार, आणि त्या रकान्यात मला ते नको होतं. शेवटी लिहिलं, "मालिनी. मुलगी."

पौषातल्या पौर्णिमेला गोणपाटं उचलली. खाली खडक पांढरा पडला होता. चिमा वाकून एकेक उचलून सांगत होती आणि मी लिहीत होते. कालवं, जिवंत, शून्य. मेलेली, ती आधीचीच. खेकडा एक. शंख नऊ.

"आनि हे," ती म्हणाली. कातळाच्या भेगेत, मीठ जिथे पोचलं नव्हतं, तिथे सुईएवढा एक हिरवा दोरा होता. त्यावर दोन पिसं, जेमतेम नखाएवढी.

मी खाली बसले. बहुतेक माझा चेहरा पडला असावा.

"मास्तरांना दोन वर्सं लागली," चिमा म्हणाली.

"मला एवढी रजा नाही काकी."

"मग अवसे-पुनवेला येत जा. गाडी हाय ना आता."

मी येते. पावसाचे तीन महिने सोडून, दर अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, खेडहून आदल्या संध्याकाळची गाडी. बरोबर एक रिकामी बरणी असते. भेगेतून काही निघालं तर त्यात घालून घरी नेते, चुलीवर ठेवते, गार झालं की माडाच्या आळ्यात ओतते. मग वहीत नोंद. मागच्या वर्षी नऊ वेळा काही सापडलं, या वर्षी आतापर्यंत तीनदा. चिमाचे गुडघे हल्ली दुखतात, ती पायरीवर बसून कांबीनं भेगा दाखवते आणि मी उतरते. ती मान फिरवलेली म्हातारी गेल्या महिन्यात आम्ही काम करत असताना आली, पाण्यात हात घालून खडक चाचपून गेली. तिच्या हाताला काही लागलं की नाही ते तिनं सांगितलं नाही.

आज द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. पावणेआठला पाणी पूर्ण उतरेल. चिमा फाटकाशी उभी आहे आणि मी अजून लिहीतच बसले आहे म्हणून काठी आपटते आहे.